आवृत्ती दोनचा अर्धा गुण

प्रिंटर दोनदा खरखरला, थांबला, आणि मग एकदाचा कागद बाहेर आला. नानांनी तो फाडला, दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या सावकाश सोलल्या, त्यांची घडी करून डब्यात टाकली आणि मगच चष्मा लावला. समोरच्या बाकावर मी आणि मृदुला बसलो होतो, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून, कारण अजून काही ठरलेलं नव्हतं.

"सतरा," नाना म्हणाले.

तेवढ्यात कुमुदआत्या आतून ट्रे घेऊन आल्या, आणि ट्रेमध्ये पाण्याचे दोन पेले बघून माझं उरलंसुरलं अवसान गळालं. नानांच्या तासगावकर वधूवर सूचक मंडळात छत्तिसांपैकी अठरा गुण जुळले की चहा मिळायचा आणि अठराच्या खाली आले की पाणी. आमच्या मिरजेत हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मंडळाच्या जिन्यातून उतरणाऱ्याला लोक "काय झालं?" असं विचारतच नसत. "चहा की पाणी?" एवढंच विचारत.

मृदुला नानांची एकुलती एक मुलगी. तिलाही पाणीच मिळालं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आत्याच्या हातून. तिनं बापाकडे असं काही बघितलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता. पण नाना उभा जन्म टपाल खात्यात काढलेले. तिकीट एका पैशानं कमी असेल तर पत्र सख्ख्या भावाचं असो नाहीतर व्याह्याचं, दंड घेतल्याशिवाय हातात द्यायचे नाहीत. ते म्हणाले, मंडळाच्या वेळेत मंडळाचा नियम. मी काकुळतीला येऊन म्हटलं की एका गुणाचा तर प्रश्न आहे. त्यावर त्यांनी मला शांतपणे समजावलं. इतकी वर्षं एकेका गुणासाठी त्यांनी माणसं परत पाठवली होती, त्यात मामेभावाचा मुलगा होता, खुद्द त्यांचे साहेब होते. आता स्वतःच्या मुलीसाठी सतराचे अठरा केले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बोलणं रास्त होतं आणि हीच पंचाईत होती. माणूस खोटारडा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आता मी कोण ते सांगतो. मी हेमंत हुपरीकर. सांगलीत 'अक्षता संगणक' नावाची कंपनी होती, तिथं मी नोकरीला. कंपनीचे मालक उपळेकर साहेब. त्यांनी ऐन उमेदीत संगणकासाठी एक मराठी भाषा तयार केली होती, तिचं नाव 'पाटी'. 'मोज', 'मांड', 'छाप' असं सरळ मराठीत लिहायचं आणि यंत्रानं ते करायचं. दूध संस्था, वाचनालयं, लाकडाच्या वखारी, जिकडेतिकडे पाटी चालायची. मृदुला आमच्याकडे फोनवर बसायची. कुणाचं यंत्र अडलं की तो तिला फोन करायचा, आणि ती ज्या धीरानं "डावीकडचं बटण दाबा, नाही हो, तुमच्या डावीकडचं" असं समजावायची ते ऐकूनच मी खलास झालो होतो.

माझं काम होतं पाटीचं पुस्तक सांभाळायचं. पाटी कशी वापरायची ते सांगणारं पुस्तक. पाटीच्या सहा आवृत्त्या निघाल्या होत्या आणि दर आवृत्तीला प्रत्येक नियमाखाली नवी टीप चिकटत गेली होती. 'आवृत्ती दोनमध्ये हे चालत नसे.' 'आवृत्ती तीनपासून चालते, पण मंगळवारी तपासून घ्यावे.' ही मंगळवारची काय भानगड होती ते साहेबांनाही आठवत नव्हतं. बेरजेचा नियम एका ओळीचा होता आणि त्याखाली अडीच पानं टिपा. पुस्तक मांडीवर घेऊन वाचलं की पायाला मुंग्या यायच्या.

तरी ते तसंच चाललं असतं. पण एक दिवस एका दूध संस्थेचे सचिव, बाबासो चौगुले, तावातावानं ऑफिसात आले. म्हणाले, दर बेरजेनंतर यंत्र बंद करून परत चालू करायचं, हे कुठवर चालायचं? त्याच कामाला त्यांनी दोन माणसं ठेवली होती. एक बंद करायला, एक चालू करायला. दोघांची रजेची भांडणं आता संस्थेच्या सभेत यायला लागली होती. आम्ही चाट पडलो. त्यांच्याकडे आमची सगळ्यात ताजी आवृत्ती होती, यंत्र बंद करायचं काही कारणच नव्हतं.

"तुमच्याच पुस्तकात लिवलंय," चौगुले म्हणाले. "आमी काय मनानं करतोय व्हय?"

लिहिलेलं होतं. आवृत्ती एकची टीप, अगदी ठळक अक्षरात. साहेबांनी ते पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग त्यांनी मला बोलावलं आणि फर्मान काढलं की जुन्या आवृत्त्यांच्या सगळ्या टिपा पुस्तकातून उपटून टाक.

वाटलं, चला, दोन दिवसांचं काम आहे. पण साहेबांचा स्वभाव आडवा आला. त्यांच्या मते टीप म्हणजे कंपनीनं माणसाला दिलेला शब्द. त्या आवृत्तीचा शेवटचा माणूस 'माझी ना हरकत आहे' असं सही करून देत नाही तोवर त्या टिपेला हात लावायचा नाही. मी ना हरकतीच्या सह्या गोळा करत जिल्हाभर हिंडायला लागलो. आवृत्ती एकचा शेवटचा ग्राहक एक वखारवाला निघाला. त्याच्या यंत्राच्या फुटक्या खोक्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी म्हटलं, तुम्ही हे वापरत नाही तेवढं लिहून द्या. तो म्हणाला, वापर चालू आहे, दिसत नाही का? त्याचंही खोटं नव्हतं. पिल्लं बाहेर पडल्यावर त्यानं सही दिली आणि वर चार अंडीही दिली.

आवृत्ती दोनचा शेवटचा ग्राहक कोण, ते मला मृदुलानं सांगितलं. तिचे वडील. चालतंय ते कशाला हलवायचं, म्हणून नानांनी पहिल्यांदा घेतलेलं यंत्र आणि पहिल्यांदा घेतलेली पाटी कधी बदललीच नव्हती. हे तिनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं आधीच सतरावर आपटून पडलो होतो, त्यामुळे मला त्यात काही रस वाटला नाही. रडतखडत मी आवृत्ती दोनच्या टिपा काढून वाचायला बसलो. त्यात 'पूर्ण आकडा करणे' या नियमाखाली ही टीप होती: 'आवृत्ती दोनपर्यंत पूर्ण आकडा करताना अर्धा सोडून दिला जात असे. आवृत्ती तीनपासून अर्धा पुढे धरला जातो.'

मी उठून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, विंचू चावला का?

नानांना यंत्रातून अर्धे गुण नकोच होते. लोकांना साडेसतरा सांगितलं की ते अर्ध्यासाठी घासाघीस करत बसतात, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण आकडा मागून घेतला होता. आम्ही दोघं त्याच दुपारी पत्रिका घेऊन एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि सांगितलं, साडेसतरा. म्हणजे आमचा अर्धा गुण आवृत्ती दोननं गिळला होता. आवृत्ती बदलली की आम्ही अठरा.

मला तर तिथल्या तिथं नानांना फोन करावासा वाटला. मृदुलानं अडवलं. ती म्हणाली, तोंडी सांगितलेलं बाबा मानणार नाहीत. पुस्तकात छापलेलं असेल तरच मानतील. तेव्हा जावई म्हणून जाऊ नकोस, कंपनीचा माणूस म्हणून जा. नवी आवृत्ती बसव, सही घे, मग आपली पत्रिका पुन्हा घालू.

गेलो. आत्यांपुढे पेच पडला असावा, कारण त्यांनी ट्रेमध्ये चहाही आणला आणि पाणीही. कंपनीच्या माणसाला चहा, सतरावाल्याला पाणी. मी दोन्ही प्यालो.

नानांनी कपाटातून त्यांचं पुस्तक काढलं. पिवळ्या फडक्यात पोथीसारखं बांधलेलं होतं. ते म्हणाले, कशाकशाला माझी हरकत नाही ते मला कळायला हवं, एकेक टीप वाचा. मी वाचत गेलो. ते स्वतःच्या पुस्तकावर बोट ठेवून शब्द न् शब्द तपासत गेले. हूं, म्हणायचे. पुढे. हूं. अक्षराचा आकार, हूं. कागद अडकणे, हूं. आत्या दाराशी मुलामुलींचे फोटो वहीत चिकटवत बसल्या होत्या. मग ती टीप आली. मी ती शक्य तितक्या साध्या आवाजात वाचली आणि पुढची सुरू केली.

"थांबा," नाना म्हणाले. "अर्धा सोडून दिला जात असे, म्हणजे कशाचा अर्धा?"

मी म्हटलं, कशाचाही. वजनाचा, मापाचा.

"गुणांचा?"

"गुणांचाही."

मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. मृदुलाचं नाव काढतील. मी चेहरा गरीब करून बसलो होतो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते दाराकडे बघत होते. मग त्यांनी पुस्तक मिटलं, फडकं बांधलं, गाठ मारली. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडली आणि परत मारली.

"आवृत्ती बदलायची नाही," ते म्हणाले. "आणि ही टीप काढायची नाही. माझी हरकत आहे."

मी थक्क झालो. बरं, कारण विचारावं तर ते देईनात. तेवढ्यात मृदुला आली, तिला सगळं कळलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, आपला अर्धा गुण यंत्रानं खाल्ला हे छापलेलं आहे, तुम्ही स्वतः वाचलंत, तरी तुमचा हट्ट? नानांनी फडक्याच्या गाठीचं टोक आत खोचलं. ती आणखी चिडली.

"अर्ध्या गुणापायी मला जन्मभर या घरात बसवून ठेवणार आहात का?"

नाना ताडकन उठले आणि जिना उतरून गेले. चपला न घालता. टपाल खात्यातला माणूस भर दुपारी मिरजेच्या रस्त्यावर अनवाणी चाललेला मी खिडकीतून बघितला. आत्यांनी डिंकाची बाटली बंद केली, नानांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्यामागे गेल्या.

मग सुरू झाला टिपेचा लढा. नानांनी उपळेकर साहेबांना रजिस्टर्ड पत्र घातलं की टीप काढण्यास आपला सक्त विरोध असून ती उलट मोठ्या अक्षरात छापावी. साहेबांना आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. आजवर पुस्तकाबद्दल लोकांनी शिव्याच दिल्या होत्या. एका टिपेसाठी जीव टाकणारा ग्राहक त्यांनी पहिल्यांदाच बघितला. मी जीव तोडून सांगितलं की साहेब, हा माझ्या लग्नाचा प्रश्न आहे. साहेब म्हणाले, लग्नं काय, होतच असतात, पण असा ग्राहक होणे नाही. त्यांनी नानांचा सत्कार करायचं ठरवलं. आवृत्ती दोनचे अखेरचे निष्ठावंत ग्राहक, शाल आणि श्रीफळ. आणि नारळ आणायचं काम कुणाला? मला.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत तो सोहळा झाला. श्रोते तिघे, मी, मृदुला आणि आत्या. मृदुला बापाशी बोलत नव्हती आणि मी नारळ आणला म्हणून माझ्याशीही बोलत नव्हती. साहेबांनी चार माणसांसमोर शंभरांसमोर करावं तसं भाषण केलं. भाषेची जडणघडण, जुन्याचा मान, वगैरे. नानांच्या खांद्यावर शाल घातली. नाना शालीत आक्रसून बसले होते. पंधरवड्यात माणूस निम्मा झाला होता. नारळ मांडीवर घेऊन ते असे बसले होते की सत्कार नसून कुणीतरी त्यांना शिक्षा फर्मावतंय असं वाटावं.

भाषण संपवून साहेब प्रेमानं म्हणाले, "तासगावकर, एवढा जीव का हो या टिपेत?"

नाना म्हणाले, "ती टीप आहे तोवर मी नियमानं वागलो. ती काढलीत की पुस्तकात एवढंच उरणार, अर्धा पुढे धरतात. उद्या कुणी पुस्तक उघडलं तर म्हणेल, मग तुम्ही का नाही धरलात?"

"कोण उघडतंय?" साहेब हसले. "पुस्तक कोण वाचतं?"

नानांनी नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "यंत्र आलं, त्या आठवड्यात सगळ्यात पहिली पत्रिका मी कुमुदची घातली. जयसिंगपूरचं स्थळ होतं. हायस्कुलात मास्तर. दोघं एकदा भेटलेही होते. यंत्र म्हणालं सतरा. मी त्यांना तारेनं नकार कळवला."

मला त्या दिवशीचं त्यांचं दाराकडे बघणं आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं. मी आपला आमच्याच अर्ध्या गुणाचा विचार करत बसलो होतो.

"तिला सतरा नव्हते," नाना म्हणाले. "परवा मी गुरुजींकडून मोजून आणले. साडेसतरा आहेत. मृदुलाची आई तेव्हा नुकतीच गेलेली. कुमुद गेली असती तर या पोरीचं काय झालं असतं, माझं काय झालं असतं, कोण जाणे. तिचं लग्न मोडलं म्हणून माझं घर चाललं. मी रोज देवाला म्हणत आलो, माझ्या हातात काय होतं, यंत्रानं सांगितलं. आता पोरीला त्याच अर्ध्यावर अठरा देऊ? कुमुदच्या डोळ्यांदेखत?"

मृदुला उठून बापाजवळ जाऊन बसली. साहेबांना बिचाऱ्यांना कुठे बघावं कळेना. पाटी त्यांनी केली होती, अर्धा सोडून द्यायचं त्यांनीच ठरवलं होतं, आणि का ठरवलं होतं ते त्या मंगळवारसारखंच आता त्यांना आठवत नसणार. ते उगाच शालीचं टोक नीट करत राहिले.

आत्या दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर मला तरी काही दिसलं नाही. त्या पुढे आल्या आणि आधी त्यांनी नानांच्या मांडीवरचा नारळ काढून घेतला.

"दादा, साडेसतरा आहेत ते मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः जाऊन गुरुजींकडून मोजून आले होते."

नानांनी वर बघितलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू लग्न लावून दिलं असतंस. मला तो माणूस नको होता."

"नको होता?"

"दर वाक्याला 'समजलं का' म्हणायचा. पोहे छान झालेत, समजलं का. आज उकडतंय, समजलं का. तासाभरात माझं डोकं उठलं. जन्मभर कोण ऐकणार? मी तुझ्या त्या यंत्रापुढे मनातल्या मनात हात जोडले होते."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, आणि मग अचानक ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी साहेबांच्या शालीला पुसलं. "समजलं का," ते म्हणत होते, "कुमे, अगं समजलं का." मृदुला हसत होती, साहेब तर मनापासून हसत होते, आणि मीही हसलो, कारण मला आता सही मिळणार हे दिसत होतं. आत्या नारळ घेऊन आत गेल्या आणि त्यांनी तो एका दणक्यात फोडला.

नानांनी सही केली. मी नवी आवृत्ती बसवली. आमची पत्रिका पुन्हा घातली आणि प्रिंटरनं छापलं, अठरा. काठावर पास झालेल्या पोराचा बाप जसा निकालाचा कागद घरभर दाखवत फिरतो, तसे नाना तो कागद घेऊन फिरले. नाकारलेल्या सगळ्या साडेसतरावाल्यांना त्यांनी पत्रं घातली की आपले अठरा भरले आहेत, कळावे. त्यांतल्या बहुतेकांची लग्नं कधीच दुसरीकडे झालेली होती. दोन घरांत त्या पत्रांवरून चांगलीच जुंपली म्हणे. नानांचं म्हणणं, कळवणं आपलं काम.

आमचं लग्न झालं. पुस्तकाची नवी, सडसडीत प्रत छापायला जायच्या बेतात होती तेव्हा दिवाळसणाला मी मिरजेला गेलो. नाना फटाक्यांच्या आवाजाला कंटाळून कुठेतरी निघून गेले होते, मृदुला मैत्रिणीकडे. आत्या मंडळाच्या खोलीत फोटो चिकटवत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, "ती टीप काढलीस का रे?"

मी म्हटलं, काढली. पण अजून छापायला गेलं नाही.

"राहू दे की तेवढी एक."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. मी म्हटलं, आत्या, आता आवृत्ती दोन कुणी वापरत नाही. ती टीप वाचून उगाच कुणाचा गोंधळ होईल. त्यांनी एका मुलाचा फोटो उचलला, मागून डिंक लावला, वहीत ठेवला आणि तळहातानं दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला.

"तेव्हा तसं होत असे, एवढंच लिहिलंय ना त्यात," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. खरं आहे ते राहू दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नको तेवढा पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ते मास्तर खरंच 'समजलं का' म्हणायचे?"

आत्यांनी फोटोवरचा हात काढला.

"दादाला बरं वाटलं ना त्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

आणि त्या उठून मला फराळाचं आणायला आत गेल्या. मी तिथं त्या वहीपुढे बसून राहिलो. गुरुजींकडे त्या तेव्हा खरंच गेल्या होत्या की नाही, हेही मला आता कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची माझी छाती नव्हती. मृदुलाला मी हे पुढे कितीतरी वर्षांनी, आत्या गेल्यावर सांगितलं. ती माझ्यावर दोन दिवस रागावली आणि मग एकटीच बसून रडली.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन ती टीप परत जागेवर लावली. साहेबांनी छपाईआधी पानं चाळली आणि बरोबर तिथंच त्यांचं बोट थांबलं.

"ही कशी राहिली? दोन नंबर अजून कोण वापरतंय?"

"मिरजेत एक बाई आहेत," मी म्हणालो.

"मग त्यांना नवी आवृत्ती देऊन टाका की. आपण फुकट बसवून देऊ."

"विचारलं असतं, साहेब," मी म्हणालो. "पण त्यांना ती आता नको आहे."